तत्त्वज्ञानाचा प्रश्न पात्राच्या गळ्यात: पहिली विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

वेताळपंचविशीतली शिरं बदलल्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. एका बाईचा नवरा आणि तिचा भाऊ, दोघांनीही देवीपुढे आपापलं शिर कापून वाहिलेलं. देवी प्रसन्न होते, त्या बाईला शिरं धडाला लाव म्हणते, आणि घाईगडबडीत त्या बाईच्या हातून नवऱ्याचं शिर भावाच्या धडावर आणि भावाचं नवऱ्याच्या धडावर बसतं. दोघेही उठून उभे राहतात. आता तिचा नवरा कोणता? वेताळाच्या या प्रश्नाला विक्रम एका दमात उत्तर देतो: सगळ्या अवयवांत शिर श्रेष्ठ, तेव्हा नवऱ्याचं शिर ज्याच्या धडावर तोच नवरा. वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो.

प्रश्न सुटला, पण त्या बाईला कुणी काही विचारलंच नाही. ज्याचा चेहरा नवऱ्याचा आहे त्याचे हात भावाचे आहेत, आणि तिला त्याच्याबरोबर घरी जायचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हात पुढे करून तिच्याकडे पाण्याचा तांब्या मागेल, तेव्हा ती काय करेल? विक्रमाचं उत्तर बरोबर की चूक हे त्या क्षणी कळेल. तत्त्वज्ञानातला प्रश्न मांडणाऱ्या विज्ञानकथेची जागा नेमकी इथे आहे, उत्तर दिल्यानंतरच्या सकाळी. ती सकाळ कागदावर कशी उतरवायची, ते या लेखात पायरी पायरीने पाहू.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. तत्त्वज्ञही काल्पनिक यंत्रं उभी करतात. रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये अनुभवयंत्राची कल्पना मांडली. यंत्राला जोडून घेतलं की हवे ते अनुभव मिळतात आणि आत असताना ते खोटे आहेत हे कळत नाही. आयुष्यभरासाठी जोडून घ्याल का? डेरेक पारफिट यांनी १९८४ मध्ये माणसाला मंगळावर पाठवलं ते असं: पृथ्वीवरच्या शरीराची कणाकणाची नोंद घ्यायची, ते शरीर नष्ट करायचं आणि तिकडे हुबेहूब नवं घडवायचं. पुढे त्यांनी आणखी एक पीळ दिला. समजा पृथ्वीवरचा माणूस नष्ट झालाच नाही, फक्त त्याच्या हृदयाला इजा झाली आणि तो थोड्याच दिवसांत मरणार आहे, पण मंगळावरचा ठणठणीत आहे. मग या मरणाऱ्याने दुःख करायचं कारण आहे का?

अशा विचारप्रयोगात तत्त्वज्ञ मुद्दाम सगळा फापटपसारा काढून टाकतो. माणसाला नाव नसतं, नोकरी नसते, भांडलेला भाऊ नसतो. एकच गोष्ट बदलून पाहायची म्हणून ते योग्यच आहे. कथाकाराचं काम नेमकं उलटं. काढून टाकलेलं सगळं परत आणायचं आणि प्रश्न तरीही तसाच उभा राहतो का, की त्याचा रंगच बदलतो, ते बघायचं. म्हणून कथा म्हणजे तत्त्वज्ञानाची सोपी आवृत्ती असं मी मानत नाही. कथेत जे कळतं ते विचारप्रयोगात कळू शकत नाही.

पहिली पायरी: विषय नको, प्रश्न हवा

नवीन लिहिणारे बहुतेक जण विषय घेऊन बसतात. ‘मला चेतनेवर लिहायचंय’, ‘वास्तव आणि आभास यावर कथा आहे’. विषयावर निबंध होतो. कथेला असा प्रश्न लागतो ज्याचं उत्तर कुणालातरी ठरावीक वेळेच्या आत, काहीतरी करून द्यावं लागेल.

चेतना म्हणजे काय, याचं उत्तर कुणालाही आज संध्याकाळी सहाच्या आत द्यावं लागत नाही. पण समोरच्या यंत्राला वेदना होतात की नाही हे मला कळत नाही आणि सहा वाजता ते बंद करायचं काम माझ्याकडे आहे, हा प्रश्न अंगावर येतो. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये विचारलं होतं की संभाषणात यंत्र माणसापेक्षा वेगळं ओळखू आलं नाही तर काय म्हणायचं. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये उलट बाजू मांडली: चिन्हं नियमाप्रमाणे हलवणं म्हणजे समजणं नव्हे. या दोघांच्या मध्ये बसून ‘यंत्राला मन असतं का’ हे ठरवणाऱ्या कथा ढिगाने आहेत. तुम्ही नव्याने लिहिणार असाल तर ते ठरवूच नका. ते ठरवता येत नाही हे गृहीत धरा आणि विचारा: कळत नसताना माझं कर्तव्य काय? हा प्रश्न अजून पुरता खणलेला नाही, आणि तो यंत्रापेक्षा माणसाबद्दल जास्त सांगतो.

प्रश्न हाती आला की त्याची एक चाचणी घ्या. दोन परिच्छेद लिहा, एकात एका बाजूचं उत्तर आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूचं. दोन्ही तितक्याच जोराने लिहिता आले तर प्रश्न कथेजोगा आहे. एका बाजूचा परिच्छेद लुळा पडत असेल तर तुमच्याकडे प्रश्न नसून मत आहे. मत असायला हरकत नाही, पण त्यावर लिहिलेल्या कथेतलं दुसरं पात्र हटकून मूर्ख निघतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी आपण एकच उदाहरण घेऊ आणि कथा डोळ्यांसमोर उभी करत जाऊ.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ मध्ये, आपल्या गाजलेल्या निबंधग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, माणसाची ओळख शरीरावर नव्हे तर जाणिवेच्या सलगतेवर बेतली. ज्या कृत्याची जाणीव मी माझी म्हणून आठवू शकतो, ते कृत्य करणारा मी. मग दारूच्या नशेत केलेलं आणि नंतर न आठवणारं कृत्य? लॉक म्हणतात, न्यायालय शिक्षा देतं, कारण आठवत नाही हे खरं की बहाणा हे न्यायालयाला तपासता येत नाही. पण अंतिम निवाड्याच्या दिवशी, जिथे सगळी गुपितं उघडी पडतील, तिथे ज्याची जाणीवच नाही त्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागणार नाही.

तिथेच आपला प्रश्न सापडतो. न आठवणं शंभर टक्के खरं आहे हे सिद्ध करता आलं तर? ‘जे मला आठवत नाही त्याबद्दल मी माफी मागू शकतो का, आणि मागितली तर ती घेणाऱ्याला चालेल का?’ दोन्ही बाजू लिहून पाहा. दोन्ही भक्कम होतात.

दुसरी पायरी: जगात बदल एकच

आता असं काहीतरी शोधायचं जे आज नाही आणि ज्यामुळे हा प्रश्न टाळणं अशक्य होईल. एकच. स्मृती पुसणारं यंत्र, अमरत्वाची गोळी आणि परग्रहवासी असे तिन्ही एका कथेत आले तर वाचक नियम लक्षात ठेवण्यातच दमतो आणि प्रश्न बाजूला पडतो.

या बदलाला हद्द हवी. काय करता येतं यापेक्षा काय करता येत नाही हे आधी ठरवा. सगळं करू शकणाऱ्या यंत्रापुढे कुणालाही निवड करावी लागत नाही, आणि निवड नसेल तर तत्त्वविचारही नाही.

शास्त्र किती खरं असावं, हा प्रश्न नवखे हमखास विचारतात. माझं मत असं की शास्त्र भारदस्त दिसण्यासाठी वापरू नये, त्याच्याकडून कथानक मागून घ्यावं. आपल्या उदाहरणात हे नीट दिसतं. २००० साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विशिष्ट आवाज आणि विजेचा धक्का यांची जोडी शिकलेल्या उंदरांना तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूतल्या भीतीशी निगडित भागात नवी प्रथिनं बनू न देणारं औषध दिलं. पुढे त्यांची भीती क्षीण झालेली दिसली. औषध दिलं पण आवाज ऐकवला नाही, तर भीती जशीच्या तशी. म्हणजे आठवण जागी केली की ती काही काळ मऊ पडते, पुन्हा साठवावी लागते, आणि तेवढ्या वेळात तिला धक्का लावता येतो.

याच्या पुढे एक पाऊल कल्पनेने टाका. माणसाची विशिष्ट रात्र पुसता येते, पण पुसण्यासाठी त्याने ती रात्र आधी पूर्ण आठवायला हवी, उपचार करणाऱ्यासमोर मोठ्याने, अगदी बारीकसारीक तपशिलांसह. पुसलेलं परत येत नाही. पण त्याने सांगितलेलं ध्वनिमुद्रित होतं, कारण किती पुसलं गेलं हे पडताळायला ते लागतं.

या एका नियमातून किती गोष्टी निघाल्या पाहा. एक तिसरी व्यक्ती तयार झाली जिला ती रात्र ठाऊक आहे. एक मुद्रण तयार झालं, ज्यात माणसाचा स्वतःचा आवाज त्याला अपरिचित गोष्ट सांगतो. आणि एक नवीन बारकावा मिळाला: स्वतःच्या आवाजात ऐकणं म्हणजे आठवणं नव्हे. डोक्याला ताण देऊन यातलं काही बसवावं लागलं नाही, खऱ्या प्रयोगातली ‘आधी आठवावं लागतं’ ही अट पाळली आणि बाकीचं मागोमाग आलं.

भौतिकशास्त्रही असंच देऊन जातं. ८ प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याकडे कुणी प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने जाऊन लगेच परत आलं, तर वेग वाढवण्या-घटवण्याचा काळ बाजूला ठेवून, पृथ्वीवर २० वर्षं सरतात आणि यानात १२. निघताना आई ३४ वर्षांची आणि मुलगा १० वर्षांचा असेल तर भेट होते ४६ वर्षांच्या आईची आणि ३० वर्षांच्या मुलाची. ‘बारा वर्षांत येते’ असं तिने सांगितलं होतं आणि तिच्या घड्याळाप्रमाणे ती वेळेवर आली. वचन पाळलं गेलं का? सापेक्षतेच्या गणिताने नीतीचा प्रश्न आयता हातात दिला. मंगळाशी बोलायचं तर ग्रहांच्या अंतरानुसार संदेशाला एका बाजूने सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तिकडचा माणूस ज्याची परवानगी मागतोय ते त्याला करून टाकावंच लागलं, तर परवानगी देणाऱ्याची जबाबदारी उरते का? आकडे शोधा, त्यांच्यात प्रश्न दडलेले असतात.

बदल ठरला की कागदावर भरपूर नोंदी करा: हा उपचार कोणाला परवडेल, कोण जबरदस्तीने करायला लावेल, कायदा काय म्हणेल, नोकरी सोडताना मालक गुपितं पुसून घ्यायला लावेल का. पानभर लिहा आणि कथेत त्यातली एखादीच ओळ घ्या. उरलेलं वाचकाला दिसत नाही, पण तुमची वाक्यं ठाम होतात.

तिसरी पायरी: सर्वांत महाग कुणाला पडेल?

प्रश्न ज्याला सर्वांत रंजक वाटतो तो प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ. त्याला नायक करण्याचा मोह आवरा. ज्याला उत्तर सर्वांत महाग पडेल त्याला शोधा.

आपल्या कथेत धरणावर रात्रपाळी करणारा सदा आहे. एका पहाटे त्याने दरवाजे उघडण्याआधी इशाऱ्याचा भोंगा वाजवला नाही आणि खाली नदीपात्रात एक मुलगा वाहून गेला. सदाने जबाब दिला, शिक्षा भोगली आणि सुटल्यावर ती रात्र पुसून घेतली. उपचार कायदेशीर होता. त्यानंतर तो नीट झोपू लागला, कारखान्यात कामाला लागला. मग मुलाची आई, इंदूबाई, त्याला भेटायला येते. तिला शिक्षा नको आहे, पैसे नको आहेत. तिला माफी हवी आहे, आणि ती त्याच्याकडून हवी आहे ज्याला ते आठवतं. तिसरी उपचारकेंद्रातली तंत्रज्ञ. तिने सदाच्या तोंडून ती रात्र ऐकली आहे आणि गुप्ततेने बांधली गेली आहे.

तीन पात्रं पुरेत. प्रत्येकाला मत देऊ नका, गरज द्या. इंदूबाईला ‘ओळख शरीरात असते’ असं वाटत नाही, तिला कुणीतरी खरं उत्तर द्यायला हवं आहे. सदाला लॉक माहीत नाहीत, त्याला झोप हवी आहे. गरज खरी असली की तिच्या पोटात तत्त्वज्ञान आपोआप येतं.

एक नियम मात्र मी कटाक्षाने पाळायला सांगेन. तुम्हाला स्वतःला जी बाजू पटत नाही, तिचं सर्वांत चांगलं कारण कथेतल्या सर्वांत प्रिय पात्राच्या तोंडी घाला. तुम्ही इंदूबाईच्या बाजूचे असाल, तर सदा असा रंगवा की वाचकाने मनात म्हणावं, या माणसाला आता सोडून द्या.

चौथी पायरी: वाद बोलण्यात नको, घडण्यात हवा

पहिल्या खर्ड्यात बहुतेक वेळा असं काहीतरी उतरतं:

सदाशिव म्हणाला, “माणसाची ओळख त्याच्या स्मृतीवर अवलंबून असते. मला ती रात्र आठवत नाही, त्यामुळे तो अपराध करणारा मी नव्हेच.” इंदूबाई उत्तरल्या, “परंतु शरीर तर तेच आहे ना? मग जबाबदारीही तुमचीच ठरते.”

दोन्ही वाक्यांत चूक काही नाही. पण ही दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, लेखक त्यांच्या आडून वाचकाशी बोलतोय. आता हाच वाद असा लिहून पाहू:

इंदूबाईंनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. जबाबाची प्रत. अक्षर सदाचंच होतं, ‘र’चा तसाच लांबवलेला पाय.

“वाच.”

“वाचलाय मी, बाई. बऱ्याचदा.”

“मोठ्याने वाच.”

त्याने वाचला. पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी दोन दरवाजे उघडले. भोंगा वाजवला नाही. खाली सही.

“का नाही वाजवलास?”

“ते इथं लिहिलेलं नाही.”

“कागदाला नाही विचारलं मी.”

सदा गप्प राहिला. बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला. त्याचा उजवा हात टेबलावरून उठला, शेजारच्या रिकाम्या भिंतीवर गेला आणि बोटं टेकवून थांबला. सदाने हाताकडे पाहिलं. मग तो हळूच खाली घेतला.

“याला आठवतंय की,” इंदूबाई म्हणाल्या.

इथे कुणीही ओळख, स्मृती, जबाबदारी हे शब्द उच्चारले नाहीत. तरी लॉक यांचा दावा आहे (‘ते इथं लिहिलेलं नाही’) आणि त्यावरचा आक्षेपही आहे. हाताचा तपशील हवेतून आलेला नाही. अमेरिकेतले हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांच्या मनात नवी आठवण टिकेनाशी झाली. पण आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तर दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, आणि आधी कधी गिरवली होती हे त्यांना आठवत नसे. हाताची आठवण आणि डोक्यातली आठवण वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, हे त्यांच्यामुळे समजायला मोठी मदत झाली.

आता जरा बारकाईने पाहा. सदाचा हात त्या रात्रीची आठवण काढतोय का? नाही. तो आधीच्या सगळ्या रात्रींची आठवण काढतोय, ज्या रात्री त्याने भोंगा वाजवला. एकाच रात्री तो हात गेला नव्हता. इंदूबाई चुकीचा अर्थ काढतात, आणि सदाला तो दुरुस्त करता येत नाही, कारण त्यालाच ठाऊक नाही. तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात अशा गैरसमजाला जागा नसते. कथेत मात्र पुढचं सगळं त्यावर उभं राहू शकतं: त्या एका गैरसमजामुळे इंदूबाईला आशा वाटते, आणि ती आशा मोडायची की नाही हे तंत्रज्ञाच्या हातात येतं.

प्रसंग लिहिताना हातांकडे, वस्तूंकडे, कोण कुठे बसलंय याकडे लक्ष ठेवा. संवादात एखादं पात्र दोन वाक्यांहून जास्त वेळ सर्वसाधारण सत्य सांगू लागलं की थांबा आणि विचारा, आत्ता या क्षणी याला समोरच्याकडून काय हवंय?

पाचवी पायरी: नियमाशी इमान

ही छोटी पायरी आहे, पण इथे अनेक कथा कोसळतात. दुसऱ्या पायरीत घातलेली हद्द शेवटपर्यंत मोडायची नाही. पुसलेलं परत येत नाही असं ठरलं, तर शेवटच्या पानावर सदाला झटका येऊन सगळं आठवता कामा नये. नियम मोडला की निवडही संपते आणि वाचकाने आतापर्यंत केलेला विचार वाया जातो.

प्रश्नापासून पळ काढणारे शेवटही असेच. सगळं स्वप्न होतं, यंत्रच बिघडलेलं होतं, किंवा मुद्रणातून कळतं की सदा निर्दोष होता आणि भोंगा दुसऱ्याच कुणी बंद केला होता. हा शेवटचा मार्ग फार आकर्षक वाटतो, कारण त्यात धक्का आहे आणि सगळ्यांचं भलं होतं. पण न आठवणाऱ्या अपराधाची माफी मागता येते का, या प्रश्नाला ‘अपराध नव्हताच’ हे उत्तर नाही. तुम्ही प्रश्न विचारला होतात, तो परत घेतलात.

सहावी पायरी: शेवट म्हणजे निर्णय

तात्त्विक कथेचा शेवट मोकळा ठेवायचा, असा एक समज आहे. मला तो अर्धाच पटतो. प्रश्न मोकळा राहू दे. पात्राने मात्र काहीतरी करायलाच हवं आणि त्याची किंमत वाचकाला दिसायला हवी. खिडकीबाहेर बघत विचारात पडलेला नायक म्हणजे न लिहिलेला शेवट.

सदापुढे दोन रस्ते आहेत. ते मुद्रण ऐकायचं नाही, आणि इंदूबाईला प्रत्येक भेटीत तोच कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. किंवा ऐकायचं, तिच्यासमोर. दुसऱ्या रस्त्याची किंमत मोठी आहे. उपचार फक्त आठवलेली घटना पुसतो, ऐकलेली माहिती किती ठिकाणी रुजेल याचा भरवसा नाही, त्यामुळे एकदा ऐकलेलं त्याला कायम वागवावं लागेल.

मी दुसरा निवडेन. मुद्रणातलं कारण लहानसं ठेवेन: एवढ्या पहाटे खाली कोण असणार, असं त्याला वाटलं होतं. मोठं कारण दिलं, दारू किंवा वैर किंवा आजारी बायको, तर वाचक त्या कारणाचा न्याय करू लागेल. लहान कारणापुढे फक्त सदा उरतो. आणि मग मुद्रण थांबल्यावर त्याने इंदूबाईला उत्तर द्यायचं. ‘त्याला वाटलं, खाली कोणी नसेल’ असं तो म्हणतो, की ‘मला वाटलं’? या निवडीत सगळी कथा आली. तो ‘मला’ म्हणाला तर ते खोटं आहे, कारण त्याला आठवत नाही. आणि कदाचित तीच एकमेव खरी माफी आहे. त्यानंतर स्पष्टीकरणाची एकही ओळ मी लिहिणार नाही. इंदूबाईने एखादी व्यवहाराची गोष्ट विचारावी, परतीची गाडी किती वाजता आहे असं काही, आणि तिने माफी घेतली की नाही हे वाचकाने तिच्या त्या प्रश्नाच्या सुरावरून ठरवावं.

तुम्ही वेगळा शेवट कराल आणि करायलाच हवा. पण निर्णय, किंमत आणि नियम या तिन्ही गोष्टी त्यात असू द्या.

सातवी पायरी: दुसरा खर्डा

कथा काही दिवस बाजूला ठेवा, मग दोन गोष्टी करून पाहा.

पहिली, कथेतून तो काल्पनिक बदल काढून टाका. सदाऐवजी अपघातात डोक्याला मार लागून विसरलेला माणूस घेतला तरी कथा तशीच चालते का? चालत असेल तर विज्ञानाचा भाग अजून नुसता शोभेचा आहे. आपल्या कथेत तसं होत नाही, कारण सदाने विसरणं निवडलं होतं आणि निवडताना ती रात्र कुणालातरी सांगितली होती. या दोन गोष्टी उपचाराशिवाय शक्य नाहीत.

दुसरी, अस्तित्व, चेतना, वास्तव, स्वत्व, नियती असे शब्द शोधून ती वाक्यं खोडा. खोडल्यावरही प्रश्न कळत असेल तर ती वाक्यं नकोच होती. कळत नसेल तर त्यांच्या जागी एखादी कृती लिहायची राहून गेली आहे.

पहिल्या कथेला आटोपशीर ठेवा. दोन-तीन हजार शब्द, एक बदल, दोन-तीन पात्रं आणि तीन प्रसंग एवढ्यात बराच खोल विचार मावतो. मधल्या काळात तत्त्वज्ञांचं मूळ लेखन जमेल तसं वाचा. ट्युरिंग यांचा १९५० चा लेख किंवा वटवाघूळ असण्याचा अनुभव कसा असेल हे विचारणारा थॉमस नेगल यांचा १९७४ चा लेख, हे आकाराने लहान आहेत आणि चिकाटीने वाचले तर नवख्यालाही उमगतात. सारांश वाचून लिहिलेल्या कथेत सारांशातलंच तत्त्वज्ञान उतरतं. मूळ लेखात मात्र लेखक कुठे अडखळला, कुठल्या आक्षेपाला त्याने घाईत वाटेला लावलं हे दिसतं, आणि कथेची बीजं बहुधा तिथेच सापडतात. लॉक यांचं ते वाक्य घ्या: न्यायालयाला तपासता येत नाही म्हणून शिक्षा. तपासता आलं तर काय, हे त्यांनी देवाच्या दरबारावर सोडलं, आणि आपल्याला सदा मिळाला.

शेवटी कथा वाचायला द्या, शक्यतो परस्परांशी न पटणाऱ्या दोघांना. ‘आवडली का’ असं विचारू नका, आणि ‘अर्थ कळला का’ असं तर मुळीच नको. सदाने मुद्रण ऐकायला हवं होतं का, एवढंच विचारा आणि गप्प बसून त्यांचं बोलणं लिहून घ्या. दोघंही सदाबद्दल भांडू लागले तर खर्डा पक्का करायला घ्या. ते उपचार कसा चालतो याबद्दल विचारू लागले तर दुसऱ्या पायरीवर काम बाकी आहे. आणि दोघांचंही लगेच एकमत झालं, तर पहिल्या पायरीतले ते दोन परिच्छेद पुन्हा काढा आणि जो लुळा पडला होता तो नव्याने लिहा.